गाणं बोटासाठी थांबलं पाहिजे : मोजणीचं यमकदार चित्रपुस्तक घरी कसं करावं आणि कसं वाचावं

माझी भाची सव्वातीन वर्षांची असताना एक ते दहा अगदी तालात म्हणायची. घरी पाहुणे आले की तिला मधोमध उभं करायचे, ती धडाधडा म्हणायची, सगळे टाळ्या वाजवायचे. एके दिवशी जेवायला बसताना मी तिला म्हटलं, "तीन चमचे आण गं." तिने डबा उपडा करून मूठभर चमचे आणले आणि आनंदाने माझ्या हातात कोंबले.

तिचं काही चुकलं नव्हतं. ती जे म्हणत होती ते गाणं होतं. त्यातला 'तीन' हा शब्द तिच्यासाठी 'दोन' आणि 'चार' यांच्या मधला एक आवाज होता, तीन चमच्यांशी त्याचं नातं अजून जुळलेलं नव्हतं.

बालवाडीत शिकवताना मी मोजणीची बरीच पुस्तकं हाताळली, काही स्वतः शिवली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. यमक आणि ताल संख्यांची नावं चटकन तोंडी बसवतात, पण मोजायला शिकतं ते बोट. गाणं मात्र बोटापेक्षा वेगाने धावतं. म्हणून पुस्तकाची रचनाच अशी हवी की गाणं बोटासाठी थांबेल. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी.

आधी मूल कुठवर आलंय ते बघा

पुस्तक करायला घेण्याआधी दोन मिनिटांचा एक खेळ खेळा. सात-आठ लिंबं टोपलीत ठेवा आणि म्हणा, "मला एक लिंबू दे." मग दोन, मग तीन. मूल किती म्हणतं ते सोडा, किती देतं ते बघा. कॅरेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास मुलांचं संख्याज्ञान तपासायला ही पद्धत वापरली आणि आजही अभ्यासक तीच वापरतात. त्यातून दिसलं ते असं की मूल आधी फक्त 'एक' बरोबर देतं, बाकी काहीही मागा, मूठभर देतं. काही महिन्यांनी 'दोन' जमतं, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. आणि मग, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, एकदम उमगतं की मोजताना शेवटी जो शब्द आला तोच त्या ढिगाचा आकडा. तिथून पुढे पाच, सहा, सात भराभर येतात.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी तत्त्वं मांडली त्यातली तीन आपल्याला रोज लागणार आहेत. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम दरवेळी तोच. आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. गाणं यातलं मधलं तत्त्व फुकटात शिकवतं. उरलेली दोन पुस्तकाने आणि तुम्ही शिकवायची.

मूल फक्त 'एक' देत असेल तर पुस्तकाची पहिली तीन-चार पानंच वाचा. दहा पानं संपवायची घाई कुणाच्याच कामाची नाही.

यमक : संख्या पहिल्या ओळीत, जोडीदार दुसऱ्या ओळीत

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा थांबते.

बहुतेक जण यमकं करताना आकडा शेवटी ठेवतात. 'फोन' येऊन गेला की 'दोन' आपोआप तोंडात येतं. ऐकायला गोड लागतं, मूल लगेच ओळ पुरी करतं आणि आपल्याला वाटतं, शिकलं! पण त्याने चित्राकडे पाहिलेलंसुद्धा नसतं. यमकाने उत्तर फोडून ठेवलं.

उलटं करून बघा. आकडा पहिल्या ओळीच्या टोकाला ठेवा. तिथे यमकाची मदत अजून आलेली नसते, त्यामुळे मुलाला चित्र बघावंच लागतं. जोडीदार शब्द दुसऱ्या ओळीत येतो आणि तो उत्तर पडताळून देतो. मुलाने 'बदकं तीन' म्हटलं आणि पुढे 'फोन' आला, की कानालाच खटकतं. तुम्हाला 'चूक' म्हणायची गरज उरत नाही.

आणखी एक फायदा. बोलताना आपण 'दोन बदकं' म्हणतो, कवितेत 'बदकं दोन' सहज चालतं. वस्तूचं नाव आधी आणि संख्या नंतर आली की मुलाचं लक्ष आधी बदकांवर जातं आणि मग त्यांच्यातल्या 'दोन'पणावर. मानसशास्त्रज्ञ मायकेल रॅम्सकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना अशा क्रमाने संख्या शिकवून पाहिल्या आणि २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ही मुलं सरस ठरली. इंग्रजीत त्यासाठी वाक्य मोडून-जोडून घ्यावं लागतं. मराठी कवितेत ते मुळातच शोभतं.

आता जोड्या. कागदावर एकाखाली एक दहा शब्द लिहा आणि मोठ्याने म्हणत शोधा. एक : लेक, टेक, फेक, केक. दोन : फोन, कोन. तीन : बीन, पीन, मशीन. चार : दार, हार, गार, फार. पाच : नाच, काच. सहा : चहा, पहा. सात : हात, भात, दात, रात. आठ : पाठ, काठ, गाठ, ताठ. नऊ : मऊ, आणि मऊखेरीज चांगला शब्द सापडणं कठीण. दहा : पुन्हा तेच, चहा आणि पहा, म्हणून चहा सहाला देऊन टाकावा आणि पहा दहासाठी राखून ठेवावा.

यमक कानाने तपासा, डोळ्यांनी नको. 'दोन' आणि 'कोण' कागदावर जवळचे दिसतात, पण न आणि ण वेगळे ऐकू येतात आणि या वयात कान घडत असतो. पाच, नाच, काच यांतला च एकच आहे, म्हणून ती जोडी पक्की. 'अनेक' मात्र 'एक'च्या पानावर आणू नका. यमक जुळतं, अर्थ पार उलटा.

अजून एक पथ्य. पानावर दुसरी कुठलीही संख्या शिरू देऊ नका. सात माकडांच्या पानासाठी मला 'एकमेकांचे धरती हात' अशी ओळ सुचली होती आणि आवडलीही होती. पण त्यात 'एक' लपलेला आहे. ओळ काढून टाकली.

चाल : दहाही शब्द एकाच वजनाचे

मराठीने आपल्याला एक देणगी दिली आहे आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मात्रा मोजा. दीर्घ अक्षराच्या दोन, ऱ्हस्वाची एक. एक : दोन अधिक एक, तीन. दोन, तीन, चार, पाच, सात, आठ : तसंच. सहा : एक अधिक दोन, तीन. नऊ आणि दहा : तेही तीन. एक ते दहा सगळे शब्द तीन-तीन मात्रांचे! शून्यसुद्धा तीनच मात्रांचा. म्हणजे एकदा ओळ बसली की तिच्यातला आकडा बदलला तरी चाल ढळत नाही.

आठ मात्रांचा ठेका धरा, पाळण्याला झोका देताना आपोआप येतो तो. ओळीचा पहिला तुकडा आठ मात्रांचा, दुसरा सहा ते आठ, आणि कमी पडतील तिथे श्वास. पहिला तुकडा शक्यतो प्रत्येक पानावर तोच ठेवा. 'ओढ्याकाठी' या चार अक्षरांच्या बरोबर आठ मात्रा होतात, म्हणून मी ओढा निवडला. माझं पुस्तक असं झालं :

ओढ्याकाठी बगळा एक,
दगड म्हणाला, इथेच टेक.

ओढ्याकाठी बदकं दोन,
कानी शंख नि करती फोन.

ओढ्याकाठी बेडूक तीन,
गाल फुगवुनी फुंकती बीन.

ओढ्याकाठी खेकडे चार,
वाकडी चाल नि घाई फार.

ओढ्यामध्ये मासे पाच,
पाण्यावरती करती नाच.

ओढ्याकाठी ससे सहा,
द्रोणांमधुनी पिती चहा.

ओढ्याकाठी माकडं सात,
कडुनिंबाने घासती दात.

ओढ्यामध्ये मुंग्या आठ,
पानावरती गाठती काठ.

ओढ्याकाठी कोकरं नऊ,
अंगावरची लोकर मऊ.

ओढ्याकाठी काजवे दहा,
दिवा मालवा, आणि पहा.

ओढ्याकाठी कुणीच नाही,
पाणीसुद्धा बोलत नाही.

शेवटचं पान शून्याचं. 'काहीच नाही' यालाही नाव असतं, चिन्ह असतं, हे मुलांना फार आवडतं. काजव्यांच्या पानावर तर आम्ही खरोखरच खोलीतला दिवा बंद करतो.

तुमचं पुस्तक तुमच्या अंगणातलं असू द्या. कोकणात असाल तर होड्या, माड, कोंबड्या. नागपूरकडे संत्र्यांची बाग. परदेशात असाल तर खिडकीतून दिसणाऱ्या खारी आणि बर्फावरचे पक्षी. मूल जे रोज बघतं ते आधी मोजेल.

पहिल्या पुस्तकात माणसं मात्र नकोत. मराठीत माणसं आली की संख्येचं रूप बदलतं : दोघं, दोघी, तिघं, तिघी, चौघं. 'तीन' अजून पक्का न झालेल्या मुलापुढे 'तिघी' ठेवली तर तो त्याच्यासाठी अकरावा नवा शब्द होतो. पाचव्या वर्षी त्यावर वेगळं पुस्तक करा, सुंदर होईल.

चित्रं : मोजता येतील अशी

विकतच्या पुस्तकांत नेमकं इथेच बिनसतं. पान भरलेलं दिसावं म्हणून चित्रकार तीन बेडकांच्या शेजारी दोन फुलपाखरं, चार फुलं आणि एक सूर्य काढतो. मूल प्रामाणिकपणे सगळंच मोजतं आणि दहावर पोचतं. तुमच्या पानावर जे मोजायचं तेवढंच असू द्या. ओढा म्हणजे एक निळी रेघ, बास.

प्राणी एकमेकांवर चढलेले नकोत, अर्धे झाकलेले नकोत. दोघांमध्ये मुलाचं बोट सहज टेकेल एवढी मोकळी जागा ठेवा. पाचपर्यंत मांडणी कशीही चालेल, कारण तीन-चार वस्तू डोळा न मोजताच ओळखतो. सहापासून पुढे मात्र ओळी करा. पाच वर, उरलेले खाली. सहा ससे म्हणजे पाच आणि एक, आठ मुंग्या म्हणजे पाच आणि तीन. हाताच्या पाच बोटांशी ते जुळतं आणि पुढे बेरीज शिकताना तेच कामाला येतं.

चित्रकला येत नाही म्हणून अडू नका. बटाटा अर्धा कापून त्यावर बेडकाचा ठोकळ आकार कोरा आणि रंगात बुडवून तीनदा ठसा उमटवा. तिन्ही बेडूक सारखे येतात आणि या कामाला सारखेपणाच हवा असतो. मुंग्या आणि कोकरं अंगठ्याच्या ठशांतून होतात : ठशाला सहा पाय काढले की मुंगी, भोवती कुरळ्या रेघा काढल्या की कोकरू. ठसे मुलालाच उमटवू द्या. एक ठसा, एक शब्द. पुस्तक वाचायच्या आधीच मोजणी सुरू झाली.

आकडा तळहाताएवढा मोठा काढा. ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत, मुलं ते हमखास उलटसुलट करतात. १ आणि ९ चंही तेच होतं. उपाय सोपा आहे : आकड्याच्या रेघेवर गोंद लावून गोधडीचा जाड दोरा चिकटवा. बोट त्यावरून फिरलं की वळण बोटाला कळतं. लिहायला मात्र अजून लावू नका.

बांधणी : सहा कागद, चोवीस पानं

दीडशे जीएसएमचे, म्हणजे जरा जाड, ए-फोर आकाराचे ड्रॉइंग पेपर सहा घ्या. प्रत्येक मधोमध दुमडा, घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा आणि सहाही घड्या एकात एक बसवा. चोवीस पानांचं पुस्तक तयार होतं. पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ आणि मध्ये समोरासमोरच्या पानांच्या अकरा जोड्या. एक ते दहा आणि शून्य, बरोबर अकरा. एकही पान वाया जात नाही.

चित्रं काढायच्या आधी रद्दीच्या कागदांचं असंच एक कच्चं पुस्तक करून पानांना आकडे द्या. समोरासमोर दिसणारी दोन पानं बहुतेक वेळा वेगवेगळ्या कागदांवर असतात. हे विसरलं की बेडूक माशांच्या जागी जातात, माझे गेले होते. ओळी आणि आकडा डाव्या पानावर, सगळे प्राणी उजव्या पानावर. घडीत एखादा मासा अडकला की पाचाचे चार होतात.

ठसे वाळल्यावर शिवा. पिना मारू नका, त्या निघतात आणि लहान बोटांना टोचतात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा : मध्ये एक आणि वर-खाली टोकापासून दोन-दोन बोटं सोडून एक-एक. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, दोऱ्याचं शेपूट आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकात शिरा, आतल्या आत थेट खालच्या भोकापर्यंत या, तिथून बाहेर पडा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. ही गाठ सहा सशांच्या पानावर येते, कारण मधोमध तीच जोडी असते. कोपरे कात्रीने गोल करा. पुस्तक तोंडात जाणारच आहे.

वाचन : पहिले दोन-तीन दिवस मोजूच नका

मांडीवर घ्या, पानं उलटा आणि फक्त म्हणा. डोलत, मजेत. मुलाला 'ओढ्याकाठी' कधी येणार ते कळू लागलं, 'करती फोन'ला हात कानाशी जायला लागला, की पुढची पायरी.

आता आकड्याच्या आधी थांबा. "ओढ्याकाठी बदकं..." आणि गप्प राहा. मनात पाच-सहा अंक मोजण्याइतकं गप्प. मोठ्यांना हे फार जड जातं, पटकन उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. मुलाला चित्राकडे बघायला तेवढा वेळ हवाच असतो.

ओळ पूर्ण झाली की गाणं बाजूला ठेवा. मुलाचं बोट त्याच्याच हाताने पहिल्या बदकावर टेकवा. शब्द म्हणा, बोट उचला, पुढच्यावर न्या. बोट हवेत असताना आवाज बंद. शेवटी सगळ्या बदकांभोवती बोटाने एक गोल फिरवा आणि सरळ बोलण्यातल्या क्रमाने म्हणा, "दोन बदकं." हा गोल विसरू नका, शेवटचा शब्द सगळ्यांचा असतो हे त्या गोलातून कळतं.

मग विचारा, "किती बदकं आहेत?" मूल उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर समजा की शेवटच्या शब्दाचं मर्म अजून उमगायचं आहे. टोकू नका. तुम्हीच आधी "तीन बेडूक" म्हणा आणि लगेच मोजून दाखवा. आकडा आणि मोजणं एकमेकांना चिकटून आले की संबंध जुळतो.

'सहा'चा घोटाळा

माझ्या भाचीला सशांच्या पानापर्यंत सगळं नीट जमलं आणि त्यापुढे ती अडू लागली. दर वेळी नऊ कोकरं आठच भरायची. तीन दिवस मला कळेना. मग मी तिचा चेहरा बघायचं सोडून तिच्या बोटाकडे बघितलं. पाचपर्यंत एक शब्द, एक कोकरू. पुढे ती म्हणाली "स", बोट सहाव्यावर. "हा", बोट सातव्यावर. 'सात' आठव्यावर, 'आठ' नवव्यावर आणि कोकरं संपली. "आठ!"

आपल्या पहिल्या पाच संख्या बोलताना एकाच ठोक्यात येतात. सहा, नऊ आणि दहा यांचे दोन ठोके पडतात. बोट ठोक्याबरोबर पुढे सरकतं. ही चूक हुशार मुलाचीच असते, कारण त्याने ताल अचूक पकडलेला असतो. यावर मी केलं ते असं : सहा, नऊ, दहा म्हणताना बोट तिथेच दाबून धरायचं, 'स'पासून 'हा'पर्यंत. सशाला कुरवाळल्यासारखं. दोन दिवसांत जमलं. टाळीनेही होतं, एका शब्दाला एकच टाळी.

बाकीच्या चुका साध्या आहेत. तेच कोकरू दोनदा मोजलं जात असेल तर मोजलेल्यावर लिंबू किंवा बाटलीचं मोठं झाकण ठेवायला द्या. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, मणी, नाणी अजिबात देऊ नका, घशात अडकतात. साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान काहीच नको. मधला एखादा आकडा गळत असेल, बहुतेकदा सात किंवा आठ, तर ते गाण्याचं काम आहे. चाल पुन्हा म्हणा.

कधी मुद्दाम उजवीकडून मोजा, कधी मधल्या खेकड्यापासून. "आता यालाच एक म्हणूया का?" संख्या तीच आली की मुलं थक्क होतात. हा शोध त्यांचा त्यांना लागू द्या.

पुस्तकातून बाहेर

बदकं दोन वाचून झालं की दारातल्या चपला दोन. खेकडे चार, की पाटाचे पाय चार. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडला नेलं, तिथे पानं, बिया, शिंपले हीच शिकण्याची साधनं होती. तुमच्या स्वयंपाकघरातही सगळं आहे. पोळ्या वाढायचं काम मुलाला द्या. चार ताटं, प्रत्येकात एक. चूक झाली की एक ताट रिकामं राहतं आणि ते सगळ्यांना दिसतं.

आजी बोटांच्या पेरांवर मोजते ते बघून मूल विचारेल. जरूर दाखवा, पण स्वतः मोजताना त्याला पुरी बोटं वापरू द्या. एका बोटावर तीन पेरं हा हिशेब नंतरचा.

घरात मराठीबरोबर दुसरी भाषा असेल तर एका वाचनात एकच भाषा ठेवा. 'चार, पाच, सिक्स' झालं तरी रागावू नका, तुम्ही शांतपणे 'सहा' म्हणून बोट दाबा.

दहाच्या पुढे आणि विकतची पुस्तकं

अकरा ते अठरा हे आठही शब्द 'आ'वर संपतात, त्यामुळे तिथे यमकांची चंगळ आहे. अकरा-बकरा, बारा-वारा, तेरा-फेरा, सोळा-पोळा. मग एकोणीसला साखळी तुटते, कारण तो शब्द वीसकडे बघून केलेला आहे : वीसला एक उणा. विसाचं पान आधी दाखवा, त्यातला एक काजवा हाताने झाका आणि मग एकोणीस म्हणा. मराठी संख्यावाचनाचा पेच खरा आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगत त्याची बाजू मांडली. घरी मी दोन्ही म्हणते. शब्द एकवीस, आणि बोटाने दाखवताना वीस आणि एक.

विकत घ्यायचं असेल तर ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता आणि छापता येतात. घेण्याआधी दुकानातच एक पान मोठ्याने वाचा, भाषांतरात यमक बरेचदा मोडलेलं असतं. आणि आठाच्या पानावर जाऊन बोटाने मोजा. पहिल्या मोजणीत तुम्हालाच आठ भरले नाहीत, तर ते पुस्तक परत ठेवा.

भाचीचं 'ओढ्याकाठी' आता पार फाटलं आहे, खेकड्यांच्या पानाचा तर कोपराच खाल्लेला आहे. परवा ती ते घेऊन शेजारच्या दोन वर्षांच्या बाळाजवळ बसली होती. बाळाचं बोट धरून तिने ते पहिल्या सशावर ठेवलं. सहाव्या सशापाशी पोचली तेव्हा बोट सोडलं नाही, दाबून धरलं. "स... हा," ती म्हणाली, "इथेच थांब."